हवामानानुकूल गृहरचना (महाराष्ट्र)

घराची दिशा, भिंती, छप्पर, खिडक्या, अंतर्भागाची मांडणी आणि भोवतालची झाडे त्या ठिकाणचे ऊन, वारा, पाऊस व आर्द्रता ध्यानात घेऊन योजणे, याला हवामानानुकूल गृहरचना म्हणतात. यंत्रांचा आधार शक्य तितका कमी घेऊन घरात राहणाऱ्याला सुसह्य वाटावे, हा तिचा हेतू असतो. महाराष्ट्रात कोकणची दमट किनारपट्टी, पश्चिम महाराष्ट्र व मराठवाड्याचे कोरडे पठार आणि विदर्भाचा प्रखर उन्हाळा अशी तीन निरनिराळी हवामाने शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे एका भागात उत्तम ठरलेले घर शंभर-दीडशे किलोमीटरवर निकामी ठरू शकते.

== सूर्य आणि छप्पर ==

पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर, दक्षिणेकडे कललेला असतो. मेच्या मध्यास तो थेट डोक्यावर येतो. या साध्या भूमितीतून दोन गोष्टी निघतात. एक, दक्षिणेकडील खिडकीला ऊन अडवणे सोपे आहे. १२० सेंटिमीटर उंचीच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा काढला, तर मार्चच्या अखेरीपासून दुपारचे ऊन आत येत नाही, आणि डिसेंबरात मात्र खिडकीचा खालचा जवळजवळ अर्धा भाग उन्हात राहतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: ऐन उन्हाळ्यात सर्वांत जास्त ऊन भिंतींवर नव्हे, तर छपरावर पडते. त्याखालोखाल सकाळी पूर्वेची आणि सायंकाळी पश्चिमेची भिंत तापते. तेव्हा या प्रदेशात घराचा विचार छपरापासून सुरू करावा लागतो. खिडक्यांच्या आकाराविषयी पुष्कळ चर्चा होते आणि छपराकडे दुर्लक्ष होते, हा क्रम उलटा आहे.

== कोकण ==

किनाऱ्यालगत वर्षाला साधारणतः २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो, हवा बाराही महिने दमट असते आणि दिवस-रात्रीच्या तापमानात फरक थोडा असतो. अशा हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंगावरून वारा वाहता राहणे हाच मुख्य दिलासा असतो. कोकणातील जुने घर जांभ्याच्या उंच जोत्यावर उभे असते. त्याचे कौलारू छप्पर उताराचे असते आणि वळचण भिंतीपासून बरीच पुढे येते. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो, त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून दूर पडणे आवश्यक असते. कौलांच्या सांध्यांतून वर साठलेली गरम हवा निघून जाते. पूर्वीच्या नळीच्या कौलांची जागा पुढे मंगळुरी कौलांनी घेतली. त्यांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे सुरू केला होता.

घराभोवतीची पडवी ऊन आणि पाऊस दोन्ही भिंतीपर्यंत पोचू देत नाही. पावसाळ्यात तिच्या उघड्या बाजूंना झावळ्यांचे झाप बांधतात. गोव्यातील जुन्या घरांत खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या आढळतात. त्यांतून येणारा उजेड मऊ असतो, डोळ्यांवर येत नाही.

किनाऱ्यावर एक पेच मात्र कायम राहतो. समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो, आणि तापदायक ऊन व पावसाची झडही तिकडूनच. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी मुंबईतील १९८३ साली पूर्ण झालेल्या 'कांचनजंगा' या उंच इमारतीत हा पेच पडवीच्याच तत्त्वाने सोडवला. राहत्या खोल्या बाहेरच्या बाजूला थेट उघड्या न ठेवता त्यांच्यापुढे दोन मजले उंचीच्या, आत घेतलेल्या बागवजा गच्च्या ठेवल्या.

== पठार आणि मराठवाडा ==

घाटमाथा ओलांडला की पाऊस झपाट्याने कमी होतो. हवा कोरडी होते, दिवस तापतात आणि रात्री निवतात. येथे वाऱ्यापेक्षा भिंतीची जाडी कामाला येते. दगड-मातीच्या जाड भिंतीतून दुपारची उष्णता आत यायला आठ-दहा तास लागतात. ती आत पोचते तोवर बाहेर रात्रीचा गारवा आलेला असतो. वाड्याच्या मधल्या चौकात रात्री थंड हवा उतरते आणि सकाळी उशिरापर्यंत ओसरीला गारवा देते.

मराठवाडा व सोलापूरकडील घरांचे वैशिष्ट्य म्हणजे माळवद, म्हणजेच धाब्याचे छत. लाकडी तुळया व सरांवर फळ्या किंवा काटक्या अंथरून त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर देत. पाऊस बेताचा असल्याने सपाट मातीचे छत चालत असे. दर पावसाळ्यापूर्वी गवत काढून माती चोपावी लागे. हेच छत कोकणात एका पावसातही टिकले नसते.

परंतु या घरांची दुसरी बाजू ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे समोर आली. किल्लारी परिसरातील भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाचा प्रचंड भार झोपलेल्या माणसांवर कोसळला आणि हजारो लोक मृत्युमुखी पडले. पुनर्वसित गावांत त्यानंतर काँक्रीटची वा पत्र्याची पातळ छपरे आली. ती भूकंपाच्या दृष्टीने हलकी व सुरक्षित होती, पण उन्हाळ्यात दुपारपासून तापणारी होती. जुन्या रचनेचे गोडवे गाताना हा प्रसंग विसरता येत नाही. जुन्या घरातून घ्यायचे ते उष्णता रोखण्याचे तत्त्व. सांधे, बांधणी आणि मजबुती यांसाठी आधुनिक अभियांत्रिकीच हवी.

== विदर्भ व अंतर्भाग ==

नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. येथे दिवसा खिडक्या बंद आणि रात्री उघड्या, हा नियम आहे. कोकणातील माणसाला तो विचित्र वाटतो. हवा कोरडी असल्याने पाण्याचे बाष्पीभवन झटपट होते आणि ते होताना हवेतील उष्णता खेचून घेते. दारा-खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ओल्या ताट्या याच तत्त्वावर चालत. कूलर हे त्यांचेच यांत्रिक रूप. मुंबईत कूलर निरुपयोगी ठरतो, कारण तेथील हवेत आणखी बाष्प घेण्यास फारशी जागाच नसते.

अंतर्भागाच्या मांडणीत जिना, न्हाणीघर, कोठीची खोली पश्चिमेकडे ठेवल्यास त्या झळ झेलतात आणि निजण्याच्या खोल्या बचावतात. जाड पडद्यांविषयी एक गैरसमज आढळतो. ऊन एकदा काचेतून आत आले की पडदा उजेड अडवतो, उष्णता मात्र बहुतांशी घरातच राहते. ऊन काचेच्या बाहेर, म्हणजे छज्जा, झडप, चटई किंवा वेल यांनी अडवणे अधिक परिणामकारक असते.

== परिसर ==

कोकणात माड-पोफळी घराजवळ लावण्यात शहाणपण आहे: सावली उंचावर पडते आणि खालून वारा अडत नाही. कोरड्या भागात पश्चिमेला कडुनिंबासारखा दाट झाडोरा उपयोगी पडतो. परसातील अळू व केळी न्हाणीघराच्या पाण्यावर पोसली जात. पाणीटंचाईच्या गावांत हिरवळीचा आग्रह धरणे आणि अंगणभर सिमेंटचे ठोकळे बसवणे, दोन्ही अयोग्य. ठोकळे दिवसभर तापून रात्रीपर्यंत उष्णता परत फेकत राहतात.

== सध्याची स्थिती ==

आज रत्नागिरीपासून गोंदियापर्यंत दहा-बारा सेंटिमीटर जाडीचे काँक्रीटचे सपाट छत सर्रास आढळते. दुपारचे ऊन त्यातून तीन-चार तासांत खाली उतरते, म्हणजे नेमके माणसे घरी परततात तेव्हा. त्यावर चुन्याचा पांढरा लेप किंवा चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी केल्यास बरेच ऊन परावर्तित होते. गळतीसाठी गच्चीवर उंच घातलेली पत्र्याची शेडही, मधली हवा खेळती असल्यास, छताला सावली देते; नुसता पत्रा हेच छप्पर असल्यास मात्र त्याच्यासारखा ताप दुसरा नाही. लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळात छताच्या खालच्या भागातील काँक्रीटच्या जागी मंगळुरी कौले भरण्याची पद्धत रूढ केली. तीत सिमेंट व पोलाद दोन्ही वाचतात.

राष्ट्रीय इमारत संहितेत भारताचे पाच हवामान विभाग मानले आहेत. त्यांनुसार मुंबई उष्ण-दमट, सोलापूर उष्ण-कोरड्या आणि नागपूर संमिश्र विभागात मोडते. ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ साली जाहीर केलेल्या 'इको निवास संहिते'त छतातून उष्णता वाहण्याची कमाल मर्यादा दर चौरस मीटरला, दर केल्विनमागे १.२ वॅट ठरवली आहे. साध्या काँक्रीटच्या छताचे प्रमाण याच्या दुपटीहून अधिक असते. ही संहिता ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी आहे. गावांतील व लहान शहरांतील बहुसंख्य घरे तिच्या कक्षेबाहेर राहतात, आणि त्यांच्या छताचा निर्णय घरमालक व गवंडी यांच्यातच होतो.