अंधारातील उजेडाची मुदत

अंधारात आपोआप उजळणारी किल्ल्यांची कडी, मनगटपट्टे, छताला चिकटवायच्या चांदण्या आणि कुत्र्याच्या गळ्यातले पट्टे ज्या वेष्टनांतून विकले जातात, त्यांवर बहुधा 'बारा तास प्रकाश' अशा अर्थाचे काहीतरी ठळक अक्षरांत छापलेले असते. आणि ती वस्तू घरी आणून उत्सुकतेने दिवा मालवणाऱ्या गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत जो आनंद होतो, तो अर्ध्या तासाच्या आत ओसरून त्याच्या मनात फसवणुकीचा संशय डोकावू लागतो. गंमत अशी की, या तक्रारीत गिऱ्हाईक खोटे बोलत नाही आणि वेष्टनावरचा मजकूरही सर्वस्वी लबाडीचा नसतो. वस्तू किती वेळ चमकेल, हे तिच्यातील द्रव्यावर जितके अवलंबून असते तितकेच पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर आणि ती वस्तू दिवसभर कोठे पडून होती यावरही अवलंबून असते. वेष्टनावर मात्र यांपैकी कशाचाच उल्लेख नसतो.

प्रथम एक गफलत दूर करावयास हवी. मोटारींच्या मागे, सायकलींच्या मडगार्डावर आणि उसाच्या बैलगाड्यांवर जी चकचकीत पट्टी लावतात व जिला आपल्याकडे सर्रास 'रेडियम' म्हणतात, तिच्यात रेडियम नसते आणि स्वतःचा प्रकाशही नसतो. तिच्यातील काचेचे सूक्ष्म मणी समोरून आलेला दिव्याचा झोत आल्या वाटेने परत पाठवतात, आणि झोत वळला की त्याच क्षणी पट्टी काळी पडते. म्हणजे तिची मुदत शून्य. बटणाएवढ्या बॅटरीवर लुकलुकणाऱ्या जत्रेतल्या बांगड्यांनाही या लेखातून वगळले आहे.

खरे रेडियम मात्र एके काळी घड्याळांत होते, आणि त्याची हकीकत मुदतीच्या प्रश्नावर विलक्षण प्रकाश टाकणारी आहे. पिएर व मारी क्यूरी यांनी १८९८ साली या मूलद्रव्याचा शोध लावल्यानंतर थोड्याच वर्षांत त्याचा अत्यल्प अंश झिंक सल्फाइडच्या भुकटीत मिसळून स्वयंप्रकाशी रंग तयार होऊ लागला. रेडियममधून अहोरात्र सुटणारे आल्फा कण त्या भुकटीवर आदळत आणि प्रत्येक आघातासरशी तेथे प्रकाशाचा एक सूक्ष्म कण उमटे. या रंगाला ना सूर्याची गरज होती, ना दिव्याची. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज या गावी, घड्याळांच्या तबकड्यांवरील आकडे तरुण मुली हाताने रंगवीत, आणि कुंचल्याचे टोक बारीक राहावे म्हणून ते ओठांत धरण्याची रीत त्यांना कारखान्यातच शिकवली जाई. त्यांपैकी अनेकींच्या जबड्यांची हाडे कुजली, कित्येकजणी दगावल्या. ग्रेस फ्रायर व तिच्या चार सोबतिणींनी १९२७ साली कंपनीवर दावा लावला आणि १९२८ साली तो तडजोडीने मिटला. या रंगातील रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे. तेव्हा या घड्याळांचा उजेडही शतकानुशतके टिकावा असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तो काही वर्षांतच मंदावला आणि पुढे पार मावळला, कारण ज्या आल्फा कणांच्या आघातांतून प्रकाश उत्पन्न होत होता, तेच आघात झिंक सल्फाइडच्या स्फटिकांची रचना उद्ध्वस्त करीत होते. प्रकाश गेला, किरणोत्सर्ग जवळजवळ सारा शिल्लक राहिला. आजोबांच्या पेटीत सापडलेले असे घड्याळ अंधारात दिसत नाही म्हणून निरुपद्रवी झाले, अशा समजुतीने त्याची काच काढून तबकडी खरवडण्याच्या फंदात कोणी पडू नये.

रेडियमची जागा पुढे ट्रिटियमने, म्हणजे हायड्रोजनच्या किरणोत्सर्गी भावंडाने, घेतली. त्याचे बीटा कण इतके दुर्बळ असतात की काचेची पातळ भिंतही त्यांना अडवते. म्हणून आतून प्रस्फुरक भुकटीचा लेप दिलेल्या बारीक काचनळीत हा वायू कोंडून आजही काही घड्याळे व होकायंत्रे बनतात. त्यांच्यापुरता मुदतीचा हिशेब अगदी सरळ आहे. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे, म्हणून साधारण बारा वर्षांनी उजेड निम्मा, पंचविसाव्या वर्षाच्या आसपास चतुर्थांश. किल्लीच्या कडीसारख्या शोभेच्या वस्तूंत ट्रिटियम घालण्यास अमेरिकेतील नियामक परवानगी देत नाहीत, आणि ते मला योग्यच वाटते.

बाजारातल्या बहुसंख्य वस्तूंत मात्र किरणोत्सर्गाचा लवलेश नसतो. त्या दिवसा घेतलेला प्रकाश रात्री परत देतात. हा चमत्कार युरोपने प्रथम कुतूहलाने पाहिला तो सतराव्या शतकाच्या आरंभी. इटलीतील बोलोन्या शहराचा विन्चेन्झो काशारोलो हा धंद्याने चांभार आणि छंदाने किमयागार. जवळच्या पादेर्नो डोंगरात सापडलेले जड दगड त्याने सोने मिळेल या आशेने कोळशाबरोबर भाजले. सोने मिळाले नाही, पण भाजलेला दगड उन्हात ठेवून अंधारात नेला की निखाऱ्यासारखा मंद तांबूस दिसू लागला. बोलोन्याच्या त्या दगडाने गॅलिलिओलाही विचारात पाडले होते. एकोणिसाव्या शतकात झिंक सल्फाइड आले, आणि त्यात तांब्याचा अंश मिसळला की मिळणारा हिरवट उजेड पुढे जवळजवळ शंभर वर्षे खेळण्यांत आणि चांदण्यांत नांदला. लहानपणी ज्यांनी पांघरुणाखाली शिरून असली एखादी चांदणी पाहिली असेल, त्यांना तो किती लवकर विझत असे हे सांगावयास नको.

खरी क्रांती १९९३ साली जपानमध्ये झाली. घड्याळांसाठी स्वयंप्रकाशी रंग पुरवणाऱ्या नेमोतो या कंपनीला किरणोत्सर्गाविना दीर्घकाळ टिकणारे द्रव्य हवे होते. तेथील संशोधकांनी स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटमध्ये युरोपियम आणि डिस्प्रोसियम या दोन दुर्मीळ मृदाधातूंचे सूक्ष्म अंश मिसळले आणि जुन्या झिंक सल्फाइडपेक्षा कित्येक पटींनी तेजस्वी, व टिकण्यात सुमारे दसपट असा प्रकाश मिळवला. आज 'रात्रभर चमकते' म्हणून जे विकले जाते ते बहुधा हेच द्रव्य, आणि जे स्वस्तात मिळते व लगेच विझते ते पुष्कळदा अजूनही झिंक सल्फाइडच.

या द्रव्यावर प्रकाश पडला की युरोपियमच्या अणूंतील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर चढतात, आणि त्यांपैकी काही खाली उतरण्याऐवजी स्फटिकातील सापळ्यांत अडकून पडतात. डिस्प्रोसियममुळे हे सापळे पुरेसे खोल व विपुल होतात एवढे निश्चित. तपशिलाबद्दल शास्त्रज्ञांत बराच खल झालेला आहे. सभोवतालच्या उष्णतेचा धक्का लागेल तसतसा एकेक इलेक्ट्रॉन सुटतो, युरोपियमकडे परततो आणि हिरवा प्रकाश टाकतो. सापळे सगळे सारख्या खोलीचे नसतात, ही यातील मेख आहे. जुन्या काळची गावची सारावसुली आठवावी: हंगाम संपताच काही रयत आपण होऊन चावडीवर भरणा करी, काहींना एकदोन तगादे लागत, आणि काही बाकीदार असे निघत की वर्ष सरले तरी त्यांच्याकडून दमडी-दमडीने येणे चालूच राही, त्यामुळे चावडीतली जमा आरंभी भरघोस, मग रोडावलेली, पण साफ बंद अशी कधीच नाही. प्रस्फुरक द्रव्याचा उजेड नेमका याच चालीने उतरतो. ट्रिटियमसारखे ठरावीक काळाने निम्मे होणे येथे नाही. पहिल्या मिनिटाअखेर जेवढे तेज असेल त्याच्या सुमारे दशांश दहाव्या मिनिटाला आणि सुमारे शतांश शंभराव्या मिनिटाला उरते. सुरुवातीची घसरण भयंकर, आणि नंतरची रेंगाळ तितकीच चिवट.

याचा एक दाखला सरकारी दप्तरातूनच देता येतो. प्रवासी जहाजांवर दिवे गेल्यावर वाट दाखवणाऱ्या पट्ट्यांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९३ साली जे मान ठरवले, त्यानुसार दहा मिनिटांनी पट्टीचे तेज दर चौरस मीटरला किमान १५ मिलिकँडेला आणि तासाभराने किमान २ मिलिकँडेला असले पाहिजे. वेळ सहापट झाली तर तेज सहाव्या हिश्शावर, म्हणजे अडीचवर यावे. नियमातील दोनचा आकडा त्याच्या जवळपास आहे. या धंद्यातील लोक ज्या तेजाला उजेडाची अखेर मानतात ते ०.३२ मिलिकँडेला, आणि याच चालीने तेथवर उतरण्यास त्या पट्टीला सहा तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. वेष्टनावरचे तास हे असे मोजलेले असतात. ०.३२ हे तेज अंधाराला पूर्ण सरावलेल्या डोळ्याच्या किमान क्षमतेच्या सुमारे शंभरपट असले, तरी रस्त्यावरच्या दिव्याचा कवडसा खोलीत येत असेल तर ते असून नसल्यासारखेच.

येथे डोळ्याचा प्रश्न येतो. उजेडात आपण ज्या शंकुपेशींनी पाहतो त्या मंद प्रकाशात निकामी असतात. दंडपेशी त्यांची जागा घेतात, पण पूर्ण जागृत होण्यास त्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात. दिवा मालवताच चांदणी झगझगीत दिसते, कारण तेव्हा तिचे तेज शिगेला असते. दहाव्या मिनिटाला ती विझल्यासारखी वाटते, कारण तेज कोसळले आहे आणि डोळा अजून तयार नाही. आणि पहाटे तीनला सहज जाग आली तर छतावर त्याच चांदण्या पुन्हा स्पष्ट दिसतात, जणू मध्यंतरी कोणी त्यांना नवा उजेड दिला आहे. वास्तविक त्या आणखी मंदावलेल्या असतात. त्याच क्षणी उशाशी ठेवलेल्या मोबाइलकडे किती वाजले म्हणून पाहावे, आणि छत पुन्हा काळे होते.

दंडपेशींना सर्वांत प्रिय असा रंग निळसर हिरवा, म्हणून हिरवे आणि निळसर हिरवे द्रव्य सर्वांत जास्त काळ 'टिकते'. लाल प्रस्फुरक द्रव्ये मुळात कमी काळ चमकतात आणि दंडपेशींना लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नाही. लाल रंगाचा पट्टा हौसेने घेणाऱ्याने ही दुहेरी तूट आधीच गृहीत धरावी. प्रकाश भरण्याच्या बाबतीतही रंगाचा पक्षपात आहे: निळा व जंबुपार प्रकाश सापळे चटकन भरतो, लाल कितीही दिला तरी व्यर्थ. म्हणून मेणबत्तीच्या पिवळ्या उजेडापेक्षा आजचा पांढरा एलईडी दिवा किती तरी सरस, आणि ऊन सर्वांहून सरस. मात्र उन्हात काही मिनिटे पुरतात. सापळे भरले की दिवसभर ठेवूनही अधिक काही पदरी पडत नाही.

उष्णतेचा प्रभाव ज्याला डोळ्यांनी पाहावयाचा असेल त्याने दोन सारखे पट्टे घेऊन एकाच वेळी उन्हात ठेवावेत, मग एक फ्रीजरमध्ये आणि दुसरा उशाशी ठेवावा. फ्रीजरमधला काढताक्षणी अगदीच निस्तेज भासतो. पण तळहातात धरून ऊब दिली की थंडीने रोखून ठेवलेले इलेक्ट्रॉन सुटू लागतात आणि तो उशाशी ठेवलेल्या जोडीदारापेक्षा उजळ दिसू लागतो. वाकवताच आतली काचेची कुपी कट्कन फुटणाऱ्या आणि मग उजळणाऱ्या कांडीचेही थंडीशी असेच नाते आहे, कारण मात्र निराळे. तेथे सापळे नसून ऑक्झलेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची अभिक्रिया चालू असते. तिची ऊर्जा रंगद्रव्याच्या रेणूंना मिळते आणि ते प्रकाशतात. गरम पाण्यात धरली तर कांडी भगभगून लवकर संपते, थंडीत मंद तेवून जास्त पुरते, पण दोन्ही परींनी जमा तेवढीच. साधारणतः आठ ते बारा तास, बारीक बांगडी असेल तर त्याहून कमी. संपली की ती संपली, उन्हात ठेवून उपयोग नाही.

उलट स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट पुन्हा पुन्हा भरता येते आणि कोरडे राहिले तर वर्षानुवर्षे कामास येते. त्याचा वैरी पाणी: उघडी भुकटी ओलाव्याने विघटित होऊन निस्तेज होते, म्हणून ती प्लास्टिकात किंवा रेझिनमध्ये कोंडलेली असावी लागते. जाडीचाही विचार करावा. पातळ पुसट रंगाच्या एका हातात जितकी भुकटी असते तिच्या कित्येक पट ती जाड ओतीव पट्ट्यात मावते, आणि खाली पांढरा थर असेल तर मागे जाणारा उजेडही पुढे परततो.

हे सारे जमले तरी किल्लीच्या कडीचा एक दोष उरतोच, आणि तो द्रव्याचा नव्हे. ही कडी सकाळपासून खिशात किंवा पर्समध्ये असते. रात्री दारापुढे वीज नसताना आपण ती चाचपडत शोधतो तेव्हा तिचे सापळे दुपारीच रिकामे झालेले असतात. लांब बाहीखाली झाकलेल्या घड्याळाचे तेच. याउलट नळीदिव्याच्या समोरच्या भिंतीवर, स्विचबोर्डाच्या कडेला लावलेली बोटभर पट्टी दिवा जाईपर्यंत भरत राहते आणि नेमकी त्याच क्षणापासून तिची मुदत सुरू होते. न्यूयॉर्कने २००४ साली उंच कार्यालयीन इमारतींच्या जिन्यांत अशा पट्ट्या सक्तीच्या केल्या, त्या याच गुणामुळे. घरी लावावयाच्याच असतील तर जिन्याच्या कठड्याला, बॅटरीच्या दांडीला आणि औषधांच्या फळीच्या काठाला लावाव्यात; किल्लीसाठी मात्र दाराजवळ, दिव्याच्या उजेडात, एक खिळा ठोकून ठेवावा.