ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि तीन आकृत्या

लेखमाला : बलाची गणितं (लेखांक ६)

हंगाम सुरू झाला की कुडित्र्याच्या कुंभी-कासारी कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर निघतात, मागे दोन-दोन भरलेल्या ट्रॉल्या. अकरावीच्या मुलांना विचारावं, ट्रॅक्टर ट्रॉलीला जास्त जोरानं ओढतो की ट्रॉली ट्रॅक्टरला? बहुतेक हात ट्रॅक्टरच्या बाजूनं वर होतात. न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असूनही.

ही अडचण फक्त आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनेस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बलाची समज तपासणारी एक चाचणी प्रसिद्ध केली. आकडेमोड नाही, नुसते पर्याय निवडायचे. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी असेच साधे प्रश्न दिले, तेव्हा अवघड गणितं सोडवणारी मुलंही अडखळली.

म्हणून सूत्र आठवण्याआधी आकृती काढायची, आणि ती एकाच वस्तूची. आपल्या गणितात प्रत्येक ट्रॉली उसासकट १०,००० किलो धरू. रस्त्याचा विरोध प्रत्येकीला २,००० न्यूटन, त्वरण ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग. दोन्ही जोडांच्या पिनांवर किती ताण येतो?

सुरुवात शेवटच्या ट्रॉलीपासून करावी, कारण आडव्या दिशेनं तिच्यावर दोनच बलं आहेत : पुढं ओढणारा जोड आणि मागं खेचणारा रस्ता. वस्तुमान गुणिले त्वरण म्हणजे २,०००. त्यात विरोधाचे २,००० मिळवले की मागच्या जोडावर ४,००० न्यूटन. आता पुढची ट्रॉली. इथं हमखास चूक होते : मागची ट्रॉली हिला मागं खेचते, तो बाण मुलं विसरतात. तो काढला की ४,००० अधिक २,००० अधिक २,०००, म्हणजे पुढच्या पिनेवर ८,००० न्यूटन. पडताळा हवा असेल तर दोन्ही ट्रॉल्या मिळून एकच वस्तू माना. मधला जोड हिशेबातून जातो आणि उत्तर तेच येतं.

तिसरी आकृती ट्रॅक्टरची, आणि मला सगळ्यात मोलाची तीच वाटते. ट्रॉल्या त्याला ८,००० न्यूटननं मागं ओढतात, अगदी तेवढ्याच जोरानं, जेवढ्यानं तो त्यांना पुढं ओढतो. मग तो पुढं जातो कसा? मुलं म्हणतात, इंजिनामुळं. पण इंजिन ट्रॅक्टरच्याच पोटात आहे. ते चाक फिरवतं, टायर रस्त्याला मागं रेटतो आणि रस्ता टायरला पुढं. ओल्या रानात भरलेली ट्रॉली अडकते, मागची चाकं जागच्या जागी फिरून चिखल उडवतात, तेव्हा इंजिन जोरातच असतं. कमी पडते ती जमिनीची पकड. हे दृश्य ज्यानं बांधावर उभं राहून पाहिलंय, त्याला घर्षण पुढं ढकलतं हे पटवायला फळा लागत नाही.

शिक्षकांना आणि घरी शिकवणाऱ्यांना एक विनंती. उत्तर चुकलं की लगेच सूत्र सांगू नका. प्रत्येक बाणाशेजारी बल कुणाचं आणि कुणावर, हे लिहायला लावा. बरीच मुलं धावत्या वस्तूवर ‘गतीचं बल’ म्हणून एक जादा बाण काढतात. ते कुणाचं, याला उत्तर सापडत नाही आणि बाण त्यांच्याच हातानं खोडला जातो. हे काम सावकाश होतं. एका तासाला एकच गणित झालं तरी चालेल.

सरावासाठी : हाच ट्रॅक्टर आता सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगानं चाललाय. दोन्ही पिनांवरचा ताण काढा. उत्तर शून्य आलं, तर विरोधाचा बाण राहिलाय.

पुढच्या आठवड्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे आणि बलाचा आघूर्ण.