लिंबाखालचा पाऊस

सकाळी साडेआठला पर्जन्यमापक उघडतात, आतल्या बाटलीतले पाणी काचेच्या मापात ओततात आणि रजिस्टरात एक आकडा पडतो. यंत्राचे तोंड 200 चौरस सेंटिमीटरचे असेल, तर 20 मिलिलिटर पाणी म्हणजे 1 मिलिमीटर पाऊस. ओतताना अर्धा कप सांडले की चार-पाच मिलिमीटर गेले. कुणाला पत्ताही लागत नाही. पण 1 चौरस किलोमीटर रानावर पडलेला 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 लाख लिटर पाणी.

बीड जिल्ह्याला ही सांडलवंड परवडत नाही. सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. आष्टी-पाटोद्याकडे कमी, अंबाजोगाईच्या अंगाला जास्त. मांजरा उगम पावते ती पाटोद्याच्या कोरड्या बालाघाटात. तिच्यावरच्या धनेगावच्या धरणावर लातूर शहर पाणी पिते. 2016च्या उन्हाळ्यात हे धरण आटले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेत 5 लाख लिटर. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता धरण भरले. अशा लहरी नदीचा येवा धरायचा तरी किती?

नदीवर रोज प्रवाह मोजला जात असेल, तर प्रश्न निम्मा सुटतो. ओढ्या-नाल्यांवर मात्र तशी सोय क्वचितच असते. तिथे पावसावरूनच येवा काढतात. इंग्लिस आणि डिसूझा यांनी 1929मध्ये पश्चिम भारतासाठी दिलेली सूत्रे आजही अभियांत्रिकीच्या पुस्तकांत आहेत. पठारी भागाचे सूत्र सोपे आहे: सेंटिमीटरमधल्या पावसातून 17.8 वजा करा, उरलेल्याला पुन्हा पावसाने गुणा, 254ने भागा. 67 सेंटिमीटर पावसाला येवा निघतो 13 सेंटिमीटर. आता यंत्राने पाऊस दहा टक्के कमी दाखवला, म्हणजे 60.3, तर येवा 10.1वर येतो. चूक दहा टक्क्यांची, घट 22 टक्क्यांची. दुष्काळी साली 40च्या जागी 36 नोंदले गेले, तर घट 26 टक्के. घाटमाथ्याच्या सूत्रात 300 सेंटिमीटर पावसावर हीच दहा टक्क्यांची चूक केली, तर येवा जेमतेम 11 टक्के हलतो.

म्हणजे जिथे पाऊस कमी, तिथे मोजणी जास्त काटेकोर हवी. कारण ऊसतोडीचा हिशेब करणाऱ्याला लगेच कळेल. उचल वळती झाल्यावर उरेल ते मजुराच्या हाती. काट्यावर वजन मारले की फटका बसतो तो त्या उरलेल्याला. इथे उचल वळती करून घेते ती जमीन. भेगाळलेल्या काळ्या रानात मृगाच्या सरी कुठल्या कुठे जिरतात. रानाचे पोट भरल्यावर उरते ते ओढ्याला.

मापातल्या खोटीचे प्रकार तरी किती! वारा थेंब यंत्राच्या तोंडावरून उडवून नेतो. स्वयंचलित यंत्रात पाण्याने भरून कलंडणारी चिमुकली वाटी असते. धो-धो पावसात ती मागे पडते, पानाने नळी तुंबली तर कलंडतच नाही. सर्वांत फसवी खोट मात्र कागदावरची: ‘पाऊस शून्य’ आणि ‘नोंद नाही’ या दोन्हींसाठी एकच 0. सुट्टीत न मोजलेले पाणी सोमवारच्या रकान्यात पडले, तर दोन दिवसांची रिपरिप पावसावरून येवा काढणाऱ्या मॉडेलला एकाच दिवसाचा लोंढा वाटते.

शिवाय वळवाचा पाऊस बांध पाहून पडतो. एका शिवारात पाणी, शेजारी धुरळा. पिकाच्या भरपाईसाठी महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर झाले की अतिवृष्टी, हा नियम गावोगाव पाठ आहे. म्हणून यंत्र कुठे बसवले यावर भांडणे होतात. ती भांडणे मला रास्त वाटतात. येव्याचे गणितही त्याच एका यंत्राचा आकडा आसपासच्या सगळ्या शिवाराला लावते. फरक इतकाच की धरणाच्या वतीने भांडायला कुणी येत नाही.

मॉडेलवाले लोक चूक लपवण्यात पटाईत असतात, तेही नकळत. पाऊस कमी नोंदला आणि धरणात पाणी जास्त आले, तर ते मातीचे आकडे फिरवतात. जमीन कमी पिते असे धरतात. जुळणी छान दिसते. मग तेच आकडे शेजारच्या खोऱ्यात नेले, की कागदावरचा तलाव भरतो आणि खरा रिकामा राहतो.

एका कचेरीच्या आवारात मी लिंबाखाली आलेला पर्जन्यमापक पाहिला आहे. बसवला तेव्हा लिंब लहान असावा. नियम असा की झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर हवे. अशा ठिकाणचा पाऊस शेजारच्या केंद्रांशी बेरजेने ताडून पाहिला, तर सरळ जाणारी रेघ हळूहळू वाकते आणि फांद्या छाटल्या की पुन्हा सरळ होते. छाटणी कोणत्या साली झाली, हे पावसाच्या रजिस्टरात नसते. ते विचारायचे निवृत्त कोतवालाला, आणि तोही साल सांगत नाही. थोरल्या लेकीचे लग्न झाले त्या उन्हाळ्यात, एवढेच सांगतो.