गंज खाणारे जिवाणू आणि विहिरीतले क्रोमियम

पाणी उकळून प्यावे ही शिकवण आपण देशातून येताना बरोबर आणली. जंतूंपुरती ती खरीच आहे. पण पाण्यात विरघळलेला धातू उकळून जात नाही; उलट वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढते.

कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावाची हकिकत 'एरिन ब्रॉकोविच' (२०००) या चित्रपटामुळे पुष्कळांना ठाऊक असेल. तिथल्या गॅस कंपनीच्या केंद्रात १९५२ पासून यंत्रणेला गंज लागू नये म्हणून 'क्रोमियम सहा' वापरत आणि ते सांडपाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडत. झिरपत झिरपत ते विहिरींपर्यंत पोचले. १९९६ मध्ये ३३.३ कोटी डॉलर्सवर तडजोड झाली. जमिनीखालचे क्रोमियम मात्र तिथेच राहिले.

क्रोमियमची ही दोन रूपे समजून घेण्यासारखी आहेत. 'क्रोमियम सहा' पाण्यात सहज विरघळते, दूरवर वाहत जाते आणि कर्करोगाला कारण ठरू शकते. त्याला तीन इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचे 'क्रोमियम तीन' होते. ते बरेच कमी विषारी, आणि साध्या पाण्यात जवळजवळ न विरघळणारे, म्हणून गाळात बसून राहते. तेव्हा सारा प्रश्न इलेक्ट्रॉन देणार कोण, एवढाच.

डेरेक लव्हली आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये पोटोमॅक नदीच्या गाळातल्या एका जिवाणूबद्दल लिहिले. आपण श्वासासाठी प्राणवायू वापरतो, तसा हा पठ्ठ्या गंज वापरतो! त्यातून मॅग्नेटाइटची काळी, चुंबकाला चिकटणारी, अतिसूक्ष्म पूड तयार होते. तिच्यातल्या लोहाकडे द्यायला इलेक्ट्रॉन असतात. कण २० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) धरले, तर माझ्या हिशेबाने एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे ५८ चौरस मीटर भरते, म्हणजे चिमूटभर पुडीत मुंबईतला वन-बेडरूम फ्लॅट.

मँचेस्टर विद्यापीठात जॉन लॉइड यांच्या गटाने अशा पुडीने 'क्रोमियम सहा'चे 'तीन' करून दाखवले. अडचण अशी, की तयार झालेले 'क्रोमियम तीन' कणावरच थर धरते आणि काम थांबते. त्यावर पॅलेडियमचा मुलामा देण्याचा उपाय त्यांनी काढला, पण पॅलेडियम महाग. शिवाय खऱ्या विहिरीच्या पाण्यात कार्बोनेट, सिलिका असे बरेच भाऊबंद त्याच पृष्ठभागासाठी भांडतात. कडुलिंबाच्या किंवा तुळशीच्या रसातून बनवलेल्या चांदीच्या कणांवरही ढीगभर निबंध निघतात. ते 'नैसर्गिक' म्हणून निर्धोक, असे मी तरी मानणार नाही, चांदीही धातूच.

हिंकलीत प्रत्यक्ष वापरला गेला तो मार्ग अधिक साधा. जमिनीत एथेनॉल सोडून तिथल्याच जिवाणूंना खाऊ घातले, म्हणजे चक्क दारू पाजली, आणि क्रोमियम जागच्या जागी बसवले. त्यात मँगॅनीजसारखे दुसरे धातू विरघळून वर येऊ शकतात, म्हणून आजूबाजूच्या विहिरी तपासत राहावे लागते.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी खाजगी विहीर आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की अमेरिकेचे संघीय पेयजल नियम तिला लागू नाहीत. नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा आणि 'क्रोमियम सहा' वेगळे मोजायला सांगावे. ते आढळलेच, तर सिंकखालचे आर.ओ. यंत्र बरेचसे अडवते. अडवलेले क्रोमियम टाकाऊ पाण्याबरोबर मोरीतून बाहेर जाते.