घराच्या आढ्यात वटवाघळं शिरलीत? न मारता बाहेर कशी काढायची?

लोणावळ्यातले अनेक बंगले आठवडाभर बंद असतात. शुक्रवारी रात्री दार उघडलं की फरशीवर तांदळाच्या दाण्याएवढे काळे कण पडलेले दिसतात. उंदीर समजून आपण विषाच्या वड्या ठेवतो. त्याआधी एक कण काडीने दाबून बघा. उंदराची वाळलेली लेंडी कडक असते. कणाचा भुगा झाला आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकणारे तुकडे दिसले, तर पाहुणे वर, कौलांखाली आहेत.

ही छोटी, किडे खाणारी वटवाघळं. बोलीभाषेत त्यांना पाकोळ्याही म्हणतात. वडा-पिंपळावर उलटी लटकणारी मोठी वटवाघळं वेगळी, ती फळं खातात. छोटी वटवाघळं लाकूड कुरतडत नाहीत, घरटंही बांधत नाहीत. त्यांना हवा असतो अंधार आणि निवारा. कार्ला-भाजे परिसरातल्या लेण्यांमध्ये त्यांना तोच मिळतो आणि मंगलोरी कौलांखालीही. शिवाय मावळातल्या भातखाचरांवर उडणारे किडे ती रात्रभर खातात.

धूर केला तर?

बहुतेक जण हेच करतात आणि इथेच घात होतो. मादीला साधारण वर्षाला एक, फार तर दोन पिल्लं होतात. बऱ्याच जातींची पिल्लं उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या तोंडावर जन्मतात आणि पहिले काही आठवडे त्यांना उडता येत नाही. धुराने आई बाहेर पडते, पिल्लं आत मरतात. मग दुर्गंधी, माश्या, आणि कौलं उतरवायचा खर्च वेगळा. डांबराच्या गोळ्यांचा मोकळ्या माळ्यावर फारसा उपयोग होत नाही, तो वास उलट घरातल्यांनाच त्रास देतो.

म्हणून हे काम पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करा. लोणावळ्याच्या मुसळधार पावसात वटवाघळं काही रात्री बाहेरच पडत नाहीत. तरीही आधी टॉर्चने पिल्लं आहेत का ते पाहा. दिसली तर महिना-दीड महिना थांबा.

दोन-तीन दिवस तिन्हीसांजेला अंगणात बसून ती कुठून बाहेर पडतात ते बघा. बोटभर रुंद फटही त्यांना पुरते. मुख्य वाट सोडून बाकीच्या फटी बुजवा. मुख्य वाटेवर बारीक जाळी पडद्यासारखी लावा: वरची आणि बाजूची कड पक्की, खालची मोकळी, फटीच्या हातभर खालपर्यंत लोंबणारी. वटवाघळं सरपटत खालून बाहेर पडतात, पण परत येताना थेट फटीकडे झेपावतात आणि जाळीला अडतात. आठवडाभर जाळी ठेवा. एकही बाहेर येताना दिसलं नाही की फट सिमेंटने बुजवा.

एखादंच वटवाघूळ खोलीत शिरलं असेल तर सगळ्यात आधी पंखा बंद करा. मग आतला दिवा घालवा, आतलं दार लावा, खिडक्या सताड उघडा आणि बाहेर या. थोड्या वेळात ते आपणच जातं. भिंतीला चिकटून बसलं असेल तर जाड हातमोजे घालून त्यावर खोकं ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा आणि संध्याकाळी बाहेर उंचावर सोडा.

आजाराचं काय?

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतून मार्च २०२० मध्ये पकडलेल्या वटवाघळांत निपाहच्या प्रतिपिंडांचा पुरावा मिळाला होता, तेव्हा बरीच घबराट पसरली. माळ्यावर वटवाघूळ आहे म्हणून आजार होत नाही, पण त्याला उघड्या हाताने धरू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम १५ मिनिटं साबणाने धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. लेंड्या कोरड्या झाडू नका. धुळीतून बुरशी फुप्फुसात जाऊ शकते. मास्क लावून, पाणी शिंपडून मगच गोळा करा.

कायद्याचंही पाहा. फळं खाणारी बहुतेक वटवाघळं पूर्वी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे 'उपद्रवी' प्राण्यांत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून हा बदल लागू झाला. संख्या मोठी असेल किंवा वटवाघूळ जखमी असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.