हाताशी ठेवलेला साठा

श्रोतेहो, आजचा विषय ‘कॅश’ हा असला, तरी गल्ल्यातील रोकडीशी त्याचा काही संबंध नाही. वारंवार लागणारी माहिती दूरच्या कोठारातून दरवेळी न आणता हाताशी राखणे, याला संगणकशास्त्रात कॅश म्हणतात. चतुर वाणी रोज खपणारा गूळ गल्ल्याजवळ ठेवतो आणि क्वचित लागणारे जिन्नस माडीवर. वेब सर्व्हरचे शहाणपण याहून निराळे नाही.

हे काम मुख्यतः दोन पातळ्यांवर चालते. पहिली पातळी खुद्द लिनक्सची. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली जगापुढे आणलेली ही प्रणाली, डिस्कवरून एकदा वाचलेल्या फाइली मोकळ्या मेमरीत राखून ठेवते. त्यामुळे मेमरी भरल्याचा भास होतो आणि नवशिका व्यवस्थापक घाबरून तो साठा पुसून टाकतो. हा उपाय नव्हे, अपाय होय. कारण एखाद्या कामास जागा हवी झाली, की लिनक्स ती बहुधा आपण होऊन मोकळी करते; पुसलेल्या फाइली मात्र पुन्हा डिस्कवरून आणाव्या लागतात. म्हणून ‘फ्री’ ही आज्ञा दिल्यावर ‘अव्हेलेबल’ या स्तंभातील आकडा पाहावा.

दुसरी पातळी तयार पानांची. एकच बातमी हजार वाचकांनी मागितली, तर डेटाबेसला हजारदा विचारून तेच पान हजारदा का रचावे? नॉर्वेतील ‘व्हेर्डेन्स गांग’ या वृत्तपत्रापुढे हाच प्रश्न होता. त्यासाठी पोल-हेनिंग काम्प यांनी रचलेली ‘वार्निश’ ही प्रणाली २००६ साली प्रसिद्ध झाली. तीमुळे पूर्वीच्या १२ यंत्रांचे काम ३ यंत्रांवर भागले.

परंतु साठा म्हटला की शिळेपण आलेच. यास्तव प्रत्येक पानासोबत त्याचे आयुष्य सेकंदांत सांगावे लागते. ‘मॅक्स-एज’ ६० लिहिले, तर साठ्यातील प्रत एक मिनिटच ताजी समजली जाते. बोधचिन्हाचे चित्र वर्षभर ठेवले तरी चालेल. बाजारभावाचे पान तसे ठेवून कसे चालेल? याहून गंभीर धोका खाजगी पानांचा. एका खातेदाराचे पान सामाईक साठ्यात राहिले, तर त्याची शिल्लक दुसऱ्याच्या पडद्यावर उमटेल. अशा पानांवर ‘नो-स्टोअर’ ही सूचना हवीच.

तेव्हा काय साठवावे, याइतकेच काय साठवू नये, हेही आधी ठरवावे. वेग त्यानंतरचा, विश्वास गेल्यावर वेगाचे मोल ते काय?