सिकलसेलचा रुग्ण आणि खुब्याचे ऑपरेशन : घरच्यांनी काय पाहावे?

विदर्भातील आपल्या वस्त्यांत सिकलसेलचे रुग्ण अनेक घरांत आहेत. विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. मग खुब्यातील हाडाच्या गोळ्याला रक्त मिळत नाही आणि तो झिजत जातो. पंचविशीतली मुले लंगडू लागतात. घरचे मात्र ‘वात आहे’ म्हणून तेल चोळत राहतात. जांघेत दुखणे टिकून राहिले तर डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसू शकतो; एमआरआयमध्ये आजार लवकर कळतो.

गोळा बसला की सांधा बदलावा लागतो. आता काही ठिकाणी लहान छेदातून हे ऑपरेशन होते. पण ते सगळ्यांना चालतेच असे नाही. छेद लहान असला तरी तयारी पूर्णच लागते.

ऑपरेशनआधी सिकलसेलचे कार्ड दाखवा. भूल देणाऱ्या डॉक्टरांना पॅटर्न, आधी चढवलेले रक्त, हायड्रॉक्सियुरिया आणि इतर गोळ्या सांगा. गळू, किडका दात, लघवीची जळजळ लपवू नका. जंतू नव्या सांध्यात जाऊ शकतात. घरी वस्तऱ्याने केस काढू नका. उपाशी राहायचे म्हणून रात्रीपासून पाणी तोडू नका. पाणी कधीपर्यंत प्यायचे आणि सलाईन कधी लागणार, हे विचारा. कोणत्या पायावर खूण केली, ते स्वतः पाहा.

टेबलावर रुग्णाला उताणे किंवा कुशीवर झोपवतात. छेद कुठून घ्यायचा त्यावर ते ठरते. कुशीवर असेल तर कंबरेला पुढून-मागून आधार, काखेजवळ व गुडघ्यांमध्ये गादी देतात. भुलीत रुग्णाला बोलता येत नाही. दाबाने नस दबते, कातडी सोलते. म्हणून कोणता खांदा, कोणता गुडघा दुखतो, ते आधीच सांगा. थंडीने सिकलसेलचा त्रास उठतो. उबदार पांघरूण मागायला लाजू नका.

नंतर मांडी घालून किंवा उकिडवे बसणे टाळावे लागते. म्हणून कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

तथागतांनी आनंदासोबत एका आजारी भिक्खूला स्वतः धुतले, उचलून खाटेवर नीट निजवले. आम्ही नर्सिंग शिकलो, त्याच्या कितीतरी आधीचा हा धडा आहे. रुग्णाला नीट निजवणे हीसुद्धा सेवाच. ती हक्काने मागा. जयभीम!